पी१६ पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे

‘बायोप्सीत पी१६ पॉझिटिव्ह आला की गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची सुरुवात झाली’ हे लेखातलं वाक्य कृपया दुरुस्त करा. मी पॅथॉलॉजीत काम करते. असा रिपोर्ट हातात घेऊन रडकुंडीला आलेल्या बायका नेहमी बघते. पी१६ हे आपल्याच पेशींतलं, त्यांच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन. या कॅन्सरमागे बहुधा असणाऱ्या एचपीव्ही या विषाणूचं ई७ हे प्रथिन पेशीतल्या आरबी या वाढ रोखणाऱ्या प्रथिनाला निकामी करतं आणि मग पी१६ भरमसाट तयार होऊ लागतं. स्लाइडवर ते कसं दिसतं यावर सगळं अवलंबून. तळाच्या थरापासून सलग गडद तपकिरी पट्टा असेल तर एचएसआयएलचा, म्हणजे पेशींमधल्या तीव्र बदलांचा, संशय बळावतो. इथेतिथे विखुरलेले डाग असतील तर निगेटिव्हच धरतात. आणि एचएसआयएल ही कॅन्सरच्या आधीची अवस्था आहे हो, तेवढा भाग वेळीच काढून टाकता येतो.

उलट बाजू तर लेखात आलीच नाही. काही अ‍ॅडेनोकार्सिनोमा (ग्रंथींच्या पेशींतून होणारे कॅन्सर), विशेषतः गॅस्ट्रिक प्रकारचे (जठराच्या पेशींसारखे दिसणारे), एचपीव्हीशिवाय होतात आणि त्यांत पी१६ बहुधा निगेटिव्ह असतं. त्यामुळे संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबून घरी बसू नका.