होय, तीनशे बाराच

'मुसळधार' या नावानं लिहिणाऱ्या वाचकास,

मागच्या लेखाखालची तुमची प्रतिक्रिया वाचली. उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं. नवराही म्हणाला, "सोड ना, कशाला नादी लागतेस." पण दोन दिवस भाकऱ्या थापतानासुद्धा तुमचं ते एक वाक्य डोक्यात घुमत होतं. तेव्हा म्हटलं, एकदाचं लिहूनच टाकते.

बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. कुडाळजवळ आम्ही नवराबायकोनं चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाच्या ठोकळ्यांचं घर बांधलं, त्यावर मी लिहिलं होतं. या गृहस्थांनी (की बाईंनी? टोपणनावाआड काय कळणार!) माझेच आकडे घेऊन गणित मांडलंय. घराला चिरे लागले साधारण ३५००, आम्ही दोघांनी स्वतः लावले ३१२. "म्हणजे जेमतेम नऊ टक्के. बाकीचं घर गवंडी आणि त्याच्या बायकोनं बांधलं. तेही जोडपंच होतं की! मग 'आम्ही दोघांनी घर बांधलं' यातले दोघं नक्की कोण?" पुढे चिऱ्याचं वजन, पाया, सातबारा, त्या बाईंची मजुरी असे आणखी प्रश्न. आणि जाताजाता "हौसेला कष्ट म्हणू नये" हा उपदेश.

आधी चूक कबूल करते. चिऱ्याचं वजन मी ४० किलो लिहिलं होतं. चौदा बाय नऊ बाय सात इंचाचा चिरा पंचवीस-तीस किलोच्या आसपास भरतो. लेखात दुरुस्ती केली आहे. नीट सांगितलं की मी ऐकते, हे आमच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे.

आता 'जेमतेम'कडे येऊ. नऊ टक्के लिहिलं असतं तर मी काही बोलले नसते, गणित बरोबरच आहे. पण 'जेमतेम' हा शब्द कुठल्या गणितात बसतो? तो मुद्दाम घातलाय, टोचायला. आणि टोचला.

२०२० चा गुढीपाडवा आठवतोय? २५ मार्च. मेस्त्री (तुम्ही ज्यांना गवंडी म्हणता ते) आणि त्यांची बायको उगादीसाठी विजापूरकडे गावी गेले होते, चार दिवसांत येतो म्हणून. नेमका पाडव्यापासूनच देश बंद झाला. तोवर पुढच्या घरावर कौलं चढली होती. मागची पडवी आणि न्हाणीघर मात्र नुसत्या जोत्यावर. म्हणजे मागून घर सताड उघडं. खळ्यात, म्हणजे अंगणात चिऱ्यांची रास, सिमेंटच्या अकरा गोणी, आणि जूनमध्ये पाऊस येणार तो येणारच. इकडचा पाऊस पुण्यासारखा भुरभुरत नाही. वर्षाला तीन-तीन हजार मिलिमीटर पडतो आणि वाऱ्याबरोबर आडवा आत शिरतो.

मग आम्ही दोघं उतरलो. चिरा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागत जाते तसा टणक होतो. आमची रास दोन महिने ऊन खात पडलेली. मेस्त्री ताजा चिरा हां हां म्हणता तासायचे, आम्हाला त्याच मापाचा तुकडा काढायला अर्धा तास लागायचा आणि शेवटी तो भलतीकडेच फुटायचा. भिंत सरळ येण्यासाठी ओळंबा कसा धरायचा हे मेस्त्रींनी व्हिडिओ कॉलवर दाखवलं. सिमेंटच्या मालात पाणी किती घालायचं ते त्यांच्या बायकोनं. मी बादली उपडी करायला गेले की ती तिकडून ओरडायची. पहिले तीन थर चढले आणि शेजारचे काका गडग्यावरून म्हणाले, "अगो, सांध्यावर सांधो इलो मा!" सांधमोड, म्हणजे खालच्या सांध्यावर वरचा सांधा येऊ न देणं, विसरलो होतो. सगळं उतरवलं, पुन्हा लावलं. ते उतरवलेले चिरे मी ३१२ मध्ये धरलेले नाहीत. तुमच्या टक्केवारीत धरायचे तर खुशाल धरा.

माझ्या डाव्या अंगठ्याचं नख त्या न्हाणीघराच्या भिंतीपायी गेलं. परत आलं ते वाकडं. याला हौस म्हणतात?

मी सदाशिव पेठेत दोन भाड्याच्या खोल्यांत वाढले. अठरा वर्षांची होईपर्यंत सात घरं बदलली. एका मालकानं आम्ही निघावं म्हणून आमचा नळ तोडला होता, तेव्हा आई रात्री अकराला शेजारच्या वाड्यातून कळशी आणायची. वडील सरकारी खात्यात ओव्हरसियर. आयुष्यभर दुसऱ्यांच्या इमारतींवर उभे राहिले, स्वतःची चार वीत जागा झाली नाही. त्यांची लेक वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी हातात थापी धरते, तिला तुम्ही हौस आणि कष्टातला फरक शिकवणार?

वास्तुविशारद लॉरी बेकर आणि त्यांची डॉक्टर बायको एलिझाबेथ १९४८ साली लग्न करून पिठोरागडच्या डोंगरात गेले. तिथे घर उभं केलं, दवाखाना उभा केला, सोळा वर्षं राहिले. ते डोंगरावरचं घर दोघांचंच म्हणून ओळखलं जातं. तिथले दगड कुणी मोजले? आमचेच बरे मोजायला सापडले. (आम्ही बेकर नाही, हे कुणी लिहिण्याआधी मीच लिहून ठेवते.)

आणि घर काय फक्त चिऱ्यांचं असतं? वासे किंजळीचे घ्यायचे की ऐनाचे यावर आमचं आठ दिवस भांडण चाललं होतं, ते कोणत्या टक्क्यात धरलंत? १६ मे २०२१ ला तौक्ते चक्रीवादळ किनाऱ्याला घासून गेलं, त्या रात्री आम्ही दोघं मागच्या पडवीत ताडपत्रीची दोन टोकं धरून पहाटेपर्यंत उभे होतो. सकाळी खळ्यात कौलांचा खच. वीज बारा दिवसांनी आली. ती रात्र गवंड्यानं काढली नाही, आम्ही काढली.

बाकीचं भराभर. पाया: घर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर आहे, खाली अखंड कातळ आहे, तीन फूट पुरे. सातबारा कुणाच्या नावावर: हा आमचा घरगुती मामला आहे, तुमचा नाही. मेस्त्री आणि त्यांच्या बायकोची नावं का दिली नाहीत: विचारल्याशिवाय कुणाचं नाव छापणं मला बरं वाटत नाही. फोन करून विचारेन कधीतरी, सध्या ते गोव्यात कामावर आहेत. त्या बाईंची मजुरी: गावात बायकांना तेव्हा जो दर चालायचा तोच दिला, एक रुपया कमी नाही. आकडाही दिला असता, पण हिशेबाची वही नवऱ्याकडे असते.

एवढं बारकाईनं वाचलंत त्याबद्दल आभार, हे मनापासून. पण पुढच्या वेळी खऱ्या नावानं लिहा. आणि इकडचेच असाल (प्रश्न विचारायच्या पद्धतीवरून तसं वाटतं), तर घरी या, चहा देईन. चिरे मोजायचे असतील तर मात्र पावसाआधी या. नंतर मागच्या भिंतीवर शेवाळ चढतं, आमचा थर कुठे संपला आणि मेस्त्रींचा कुठे सुरू झाला ते ओळखू येत नाही.