रिसेप्टर नसेच्या टोकावरही असतात की!
लेखात म्हटलंय की नसेच्या टोकातून अ‍ॅसिटाइलकोलीन (नसेचा निरोप पुढच्या पेशीला नेणारं रसायन) सुटलं की टोकाचं काम संपलं, पुढचं सगळं पलीकडच्या पेशीवरचे रिसेप्टर (रसायन चिकटलं की पेशीला इशारा देणारे रेणू) बघतात. हे काही पटलं नाही. त्या टोकावरच एम-२ नावाचे रिसेप्टर असतात ना, सुटलेलं अ‍ॅसिटाइलकोलीन त्यांनाच जाऊन चिकटतं, मग कॅल्शियम आत यायचं कमी होतं आणि पुढचा माल आपोआप आखडतो. म्हणून तर अ‍ॅट्रोपिन (हे रिसेप्टर अडवणारं औषध) दिल्यावर रिलीज उलट वाढतं, फक्त पलीकडच्या स्नायूवरचे एम-३ रिसेप्टर पण बंद असल्यामुळे त्याचा परिणाम दिसत नाही.

आम्ही कॉलेजात गिनीपिगच्या आतड्याचा तुकडा ऑर्गन बाथमध्ये (अवयव जिवंत ठेवणाऱ्या द्रावणाच्या भांड्यात) टांगून विजेचा शॉक द्यायचो, दर शॉकला तुकडा आवळल्याची छान उंच रेघ यायची. मॉर्फिनचे थेंब टाकले की रेघा बुटक्या, मला वाटलं स्नायूच मेला, पण सरांनी वरून थेट अ‍ॅसिटाइलकोलीन घातलं तर हा पठ्ठ्या पहिल्यासारखाच आवळला! म्हणजे स्नायू ठणठणीत, अडलं होतं ते नसेच्या टोकाशी, कारण मॉर्फिनचे रिसेप्टरही त्या टोकावर असतात आणि तेही माल आखडतात. नालोक्सोन (मॉर्फिनचा उतारा) टाकल्यावर रेघा परत उंच. मॉर्फिनने बद्धकोष्ठ का होतं त्याचं बरंचसं उत्तर इथंच आहे, आणि लेखात त्यावर एक ओळ नाही.