तिरक्या रेघांचं पत्र

17 मार्च 1554. लंडनचा व्हाइटहॉल राजवाडा. राणी मेरीविरुद्ध थॉमस वायटने केलेलं बंड फसलं होतं, त्यात 20 वर्षांच्या एलिझाबेथचाही हात असल्याचा संशय होता. दोन सरदार तिला टॉवर ऑफ लंडनच्या कैदेत न्यायला आले. तिने सावत्र बहिणीला, मेरीलाच, पत्र लिहू द्या म्हणून गळ घातली. ते लिहून होईपर्यंत होडीने न्यायची थेम्स नदीच्या भरतीची वेळ टळली आणि नेणं एक दिवस लांबलं. इंग्रज त्याला ‘भरतीचं पत्र’ म्हणतात.

मूळ कागद लंडनमधल्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. त्यातला सर्वांत बोलका भाग मला कोऱ्या जागेचा वाटतो. दुसऱ्या पानावर मजकूर लवकर संपतो. त्याखाली तळाच्या ओळीपर्यंत तिने तिरक्या रेघा ओढल्यात, मागाहून कुणी भलतंच घुसडू नये म्हणून. मराठी माणसाला हे नवं नाही. शिवकालीन पत्राच्या अखेरीस ‘मर्यादेयं विराजते’ची मोहर उठे, ती मजकूर इथे संपला हे सांगायला. आणि ‘ध’चा ‘मा’ची कथा खरी असो वा रचलेली, ती सांगणाऱ्यांना हीच भीती ठाऊक होती.

इथून, इंग्लंडमधून, महाराष्ट्रातले पत्रांवरचे वाद वाचताना मात्र चिडचिड होते. शिवाजी महाराजांनी 1645 मध्ये रोहिडखोऱ्याचे देशपांडे दादाजी नरसप्रभूंना लिहिलेलं म्हणून सांगतात ते ‘हिंदवी स्वराज्या’चा उल्लेख असलेलं पत्र घ्या. ते अस्सल की बनावट, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत, ते असणारच. पण चव्हाट्यावर प्रश्न तेवढाच उरतो. अस्सल म्हणाल तर भक्त, बनावट म्हणाल तर द्रोही.

एलिझाबेथचं पत्र अस्सल आहे. म्हणून ती निर्दोष ठरते का? वायटचं पत्र मला मिळालं नाही, फ्रान्सच्या राजाला मी काही कळवलं नाही, असं ती शपथेवर लिहिते. अटकेच्या दारात उभी असलेली व्यक्ती दुसरं काय लिहिणार! पत्रातून खात्रीने कळतं ते वेगळंच: आपल्यावर कोणते आरोप आहेत हे तिला नेमकं माहीत होतं. भेट मागताना ती सॉमरसेटचा, सख्ख्या भावाच्या देहदंडाला मान्यता देणाऱ्या सरदाराचा, दाखला देते. भाऊ समोर येऊन बोलला असता तर त्याचा जीव गेला नसता, असं तो म्हणे. बहिणीला हलवायला भावाचा दाखला! घाबरलेली असेल, पण डोकं ठिकाणावर होतं. दुसऱ्या पानावर खाडाखोड वाढते, त्यात अनेकांना तिची धडधड ऐकू येते. मला वाटतं, दारात माणसं खोळंबली असताना अक्षर कुणाचंही बिघडेल.

इंग्रजांचं तरी सगळं आलबेल कुठे आहे? 1558 मध्ये ती राणी झाली, म्हणून ते या पत्रात आधीपासूनच राणी शोधतात. मार्च 1554 मध्ये ती केवळ संशयित होती आणि मेरीने तिला भेट दिली नाही. शिवाय पुढची 44 वर्षं राज्य तिचंच, त्यामुळे तिच्याविरुद्धचे काही कागद मागे राहिले नसतील का, हा प्रश्न इथेही फारसा कुणी मोठ्याने विचारत नाही.

1645 च्या पत्राबद्दल मला आधी ऐकायचंय: आपल्यासमोर आहे ती मूळ प्रत की नक्कल? ती कुणाच्या दप्तरात सापडली? ते जपून ठेवण्यात कुणाचा फायदा होता? पुण्याच्या पुराभिलेखागारात मोडी कागदांचे रुमालच्या रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी त्यातला एकेक जरी उघडून वाचला, तरी भांडायला निदान नवे कागद मिळतील.