फोन केल्याने माझे गुण कापले जात नाहीत, मामा

गेल्या आठवड्यात आईने सलग चार दिवस माझा फोन उचलला नाही. पहिल्या दिवशी वाटलं, कुणाच्या लग्नाला गेली असेल. दुसऱ्या दिवशी वहिनीला विचारलं, तर ती म्हणाली, “आई बऱ्या आहेत, पण बोलणार नाही म्हणतात.” चौथ्या दिवशी वहिनीच्याच फोनवरून आई दबक्या आवाजात बोलली: “अगं, सारखी फोन करू नकोस. तुझे गुण कमी होतात म्हणे.” चिनी सरकार आईचा फोन ऐकतं आणि वहिनीचा नाही, असा तिचा हिशोब असावा.

कसले गुण? तर मामांनी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलेल्या मेसेजमधले. “चीनमध्ये राहणाऱ्या भारतीयांचे भयाण वास्तव, प्रत्येक पालकाने वाचावे.” तुमच्याकडेही आला असेल, कारण वहिनीला तो तीन ठिकाणांहून आलाय. त्यातला मजकूर थोडक्यात असा. चीन सरकार प्रत्येकाला, परदेशी माणसालाही, १००० गुण देतं. परदेशात फोन केला की गुण कापले जातात. ६०० च्या खाली घसरलात की रेल्वेचं तिकीट बंद, मग हकालपट्टी. रोख पैसे चालत नाहीत म्हणून परदेशी माणसाला पाण्याची बाटलीसुद्धा मिळत नाही. कुठे झोपलात ते २४ तासांत पोलिसांना कळवावं लागतं. चेहरा दाखवल्याशिवाय संडासात कागद मिळत नाही. शाकाहारी माणूस उपाशी मरतो. आणि शेवटी ‘जास्तीत जास्त शेअर करा’.

मी इचलकरंजीची. आठ वर्षं झाली, झेजियांग प्रांतातल्या शाओशिंग शहराच्या केचाओ भागात राहते. इथला कापडबाजार जगात मोठा, भारतीय व्यापारी इतके की डोसाही मिळतो. कापड तपासायचं आणि कंटेनर भरून द्यायचा, हे माझं काम. तेव्हा एकदा लिहूनच टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको.

आधी गुणांचं, कारण आईने धसका त्याचाच घेतलाय. मला गुण नाहीत. माझ्या चिनी शेजाऱ्यांनाही नाहीत. सगळ्या देशात माणसागणिक एक आकडा, अशी गोष्टच अस्तित्वात नाही. ज्या कागदावरून हे सगळं सुरू झालं तो चीनच्या राज्य परिषदेचा, म्हणजे इथल्या केंद्रीय मंत्रिमंडळाचा, २०१४ चा ‘सामाजिक पत’ आराखडा. त्यात सरकारी कारभार, व्यापार, समाज आणि न्यायव्यवस्था अशी चार क्षेत्रं आहेत, विश्वासार्हता वाढवायच्या गप्पा पानोपानी आहेत, पण प्रत्येक नागरिकाला एक गुणसंख्या असं कुठेही नाही. येल विद्यापीठातले जेरेमी डॉम ‘चायना लॉ ट्रान्सलेट’ या नावाने चिनी कायद्यांची भाषांतरं करतात. ते वर्षानुवर्षं हेच सांगतायत. ते चीन सरकारचे भाट नाहीत, कायदा वाचणारे वकील आहेत. मामा, तुम्ही जमिनीचा सातबारा वाचल्याशिवाय सही करत नाही. इथे काय झालं?

मग १००० आले कुठून? शांतुंग प्रांतात समुद्रकाठी रोंगचंग नावाचं शहर आहे. तिथे स्थानिक प्रशासनाने असा प्रयोग खरोखर केला: प्रत्येक रहिवाशाला सुरुवातीला १००० गुण, मग समाजसेवा केली की वाढ, वाहतुकीचा नियम मोडला की वजाबाकी. परदेशी पत्रकार तिथे जाऊन आले, आणि एका शहराची गोष्ट एकशेचाळीस कोटींची झाली. रोंगचंग माझ्यापासून सरळ रेषेत आठशे किलोमीटरवर आहे. आणि तिथल्याही यादीत लेकीने आईला फोन केला म्हणून गुण कापायचं कलम नाही.

दुसरा गोंधळ ‘चीमा’ गुणांकाचा. अलीपे हे मोबाइलवरून पैसे द्यायचं ॲप चालवणाऱ्या कंपनीने तो २०१५ मध्ये काढला, ३५० ते ९५० मध्ये असतो, आणि चांगला असेल तर भाड्याच्या सायकलीची अनामत माफ होते. आपला सिबिल ३०० ते ९०० असतो आणि त्यावर घराचं कर्ज अडतं. इचलकरंजीत सिबिलपायी किती जणांचं कर्ज फिसकटलंय ते मामांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्याला कुणी भयाण वास्तव म्हणत नाही.

तिकीट बंद होतं हे अर्धं खरं आहे, आणि कबूल करायला जिवावर येतं, पण करते. २०१३ पासून चीनच्या सर्वोच्च न्यायालयाची एक यादी आहे. ऐपत असून कोर्टाच्या निकालाप्रमाणे पैसे न देणाऱ्यांची. इथे अशा माणसाला ‘लाओलाय’ म्हणतात, म्हणजे मुरलेला कर्जबुडव्या. यादीत नाव आलं की विमानाचं आणि बुलेट ट्रेनचं तिकीट मिळत नाही. २०१८ अखेरपर्यंत अशा याद्यांमुळे विमानाची १ कोटी ७५ लाख तिकिटं नाकारली गेली, हा सरकारचाच आकडा. कठोर आहे का? आहे. काहींच्या बाबतीत अन्यायही होत असेल. पण ती कोर्टाच्या थकबाकीदारांची यादी आहे, गुणपत्रिका नव्हे. उलट मला ती उपयोगी पडते: नव्या गिरणीला आगाऊ रक्कम देण्याआधी मालकाचं नाव त्यात आहे का ते मी बघते, यादी सगळ्यांना खुली आहे. आणि २०१८ पासून बुलेट ट्रेनमध्ये सिगारेट ओढली तर १८० दिवस तिकीट बंद. मामांनी इकडे यायचा बेत केला तर हे मात्र लक्षात ठेवावं.

गंमत म्हणजे ‘सामाजिक पत क्रमांक’ मी रोज बघते. इथल्या प्रत्येक कंपनीच्या परवान्यावर आणि बिलावर १८ अंकी-अक्षरी क्रमांक असतो, त्याचं नावच ते. आपल्या जीएसटी क्रमांकाचा भाऊ. बिलाचा फोटो कुणी पाठवला तर पुढचा मेसेज ‘बघा, गुण छापून येतात’ असा येईल याची मला खात्री आहे.

चीड याची येते की या खोट्या भीतीखाली खरी भीती दडपली जाते. २०१२ च्या सुरुवातीला याच प्रांतातल्या यिवू शहरात दोन भारतीयांना स्थानिक व्यापाऱ्यांनी डांबून ठेवलं होतं. त्यांच्या कंपनीचा मालक पैसे बुडवून पळाला होता, आणि हाती लागले ते हे दोघे. भारतीय दूतावासाने तेव्हा आपल्या व्यापाऱ्यांना यिवूपासून लांब राहायला सांगितलं. शिवाय इथल्या कायद्याप्रमाणे दिवाणी दावा मिटलेला नसेल तर कोर्ट परदेशी माणसाला देश सोडण्यापासून अडवू शकतं. गावाकडून पोरं येतात, अनोळखी शेठच्या कंपनीत ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणून सही ठोकतात, पगार किती एवढंच विचारतात. हा मेसेज कुणी का पाठवत नाही? त्यांनी सहीआधी एक फोन केला तर दोन तास बसून समजावीन.

२४ तासांचं खरं आहे. हॉटेल सोडून दुसरीकडे राहिलात की २४ तासांत पोलीस ठाण्यात नोंद, कायद्याचं कलम ३९, चुकलं तर ताकीद आणि २००० युआनपर्यंत दंड. घर बदललं की पुन्हा. कंटाळवाणं आहे, घरमालक कागद द्यायला टाळाटाळ करतो, फोटोकॉपीचं दुकान नेमकं तेव्हाच बंद. पण मामा, तुमच्या मित्राच्या लॉजवर परदेशी पाहुणा उतरला की तोही २४ तासांत त्याच्या माहितीचा फॉर्म सरकारकडे भरतो. न भरल्यास काय होतं ते त्यालाच विचारा.

रोख पैसे नाकारायला इथे कायद्याने बंदी आहे. भाजीवाली नोट घेते, फक्त सुटे नसतात म्हणून कपाळाला आठ्या घालते. आणि २०२३ पासून परदेशी व्हिसा, मास्टरकार्ड अलीपेला जोडता येतं, २०० युआनपर्यंतच्या खरेदीला शुल्कही नाही. यूपीआयच्या भरवशावर आलात तर मात्र खरंच तहानलेले राहाल.

खरा छळ वेगळाच आहे आणि तो कुठल्याच फॉरवर्डमध्ये नसतो. माझं नाव. पासपोर्टवर एका रकान्यात आडनाव, दुसऱ्यात माझं नाव आणि त्याला जोडून वडिलांचं, आपल्याकडच्या रीतीप्रमाणे. चिनी नाव दोन-तीन अक्षरांत संपतं, त्यामुळे इथल्या फॉर्ममधले चौकोन तेवढेच. बँकेने आडनाव आधी घेतलं, मध्ये जागा न सोडता. सिमकार्डवाल्याने आडनाव शेवटी टाकलं. झालं, तिसऱ्या ठिकाणी ‘नाव जुळत नाही’. एकदा पगाराच्या खात्याला फोन जोडायला मी तीन खेपा घातल्या. काउंटरवरच्या मुलीने कोमट पाणी आणून दिलं आणि अगदी प्रेमाने विचारलं, यातलं तुमचं खरं नाव कुठलं? सगळंच, म्हटलं.

चेहरा आणि कागद: २०१७ मध्ये पेइचिंगच्या, म्हणजे बीजिंगच्या, स्वर्गमंदिराच्या बागेत लोक रोलच्या रोल घरी न्यायचे म्हणून असं यंत्र बसवलं होतं. एका चेहऱ्याला दोनेक फूट, पुन्हा हवा तर नऊ मिनिटं थांबा. हो, हे झालं होतं. आमच्या बाजारातल्या संडासात कागदच नसतो, पिशवीत नेते. शाकाहाराचं म्हणाल तर ‘वो छ्र सू’, मी शाकाहारी आहे, एवढं शिकलं की वांगं-बटाटा-मिरचीची झकास भाजी मिळते. त्यावर चवीला खिमा भुरभुरणारे आचारी आहेत, मान्य. उपाशी मेलेलं कुणी पाहिलं नाही. माझं वजन वाढलंय.

राहिला आईचा फोन. तो मेसेज ज्या व्हॉट्सॲपवर फिरतोय ते इथे २०१७ पासून बंद आहे. इथे चालतं ते वीचॅट, आणि ते जून २०२० मध्ये आपल्या सरकारने बंद केलं. म्हणजे आईच्या फोनवर जे आहे ते माझ्या फोनवर चालत नाही आणि माझ्याकडचं तिला उघडत नाही. त्याच वर्षी थेट विमानंही थांबली, ती सुरू व्हायला ऑक्टोबर २०२५ उजाडला. मायलेकींच्या मध्ये काही आलं असेल तर ते हे, आणि त्यात दोन्हीकडची सरकारं आहेत. तरी भारतातल्या सिमवर रोमिंग घेऊन मी दर रविवारी फोन करते. पैसे कापले जातात, गुण नाही.

आई, रविवारी तुझे सकाळचे नऊ म्हणजे माझे साडेअकरा. तुझ्याच फोनवर करणार आहे. उचल.