आर. के. नगरच्या घराबद्दल आलेल्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई नमस्कार. तुमचा रिव्ह्यू परवा रात्री वाचला, लगेच उत्तर टाकलं नाही कारण आधी मिस्त्रींशी बोलायचं होतं आणि तुमची फाईल परत काढून बघायची होती. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमचं म्हणणं थोडक्यात लिहितो. घर आम्ही स्कँडिनेव्हियन, म्हणजे स्वीडन-डेन्मार्ककडच्या पद्धतीचं करून दिलं, दीड वर्षात ते दवाखान्यागत वाटायला लागलं, ओट्यामागची भिंत पिवळी झाली, बेडरूमच्या कपाटाची दारं पावसात वाकली, हलका प्लाय वापरला, एवढे पैसे घेऊन रिकामं घर दिलं आणि सणाला माणसं आली की बसायला जागा पुरत नाही.

दारांचं पहिलं बोलतो. प्लाय हलका नाही ताई, आयएस ७१० चा मरीन, म्हणजे ओलीत टिकणाराच आहे, बिलं तुमच्या फाईलमध्ये लावलेली आहेत ती बघा. पण चांगला प्लायसुद्धा वाकतो आणि इथं तो आमच्यामुळं वाकला. बाहेरनं एक एमएमचं लॅमिनेट आणि आतनं नुसता पांढरा रंग, मग जून ते सप्टेंबर कोल्हापूरची ओल आतल्या बाजूनं शिरत राहते, बाहेरनं शिरायला वाव नाही, की दार एका अंगानं फुगतं आणि धनुष्यासारखं वळतं. त्यात वरच्या लॉफ्टला वेगळी दारं न करता अख्ख्या आठ फुटी शीटचं एकच दार केलं, का तर मधे रेघ दिसू नये. मिस्त्री तेव्हाच म्हणालेले, "साहेब, एवढं उंच दार पावसाळ्यात सरळ ऱ्हात नाही." मी ऐकलं नाही. माझं चुकलं.

दवाखान्याचं वाचून वाईट वाटलं पण तुम्ही चुकीचं लिहिलं नाही. ड्रॉइंगमध्ये दिवे ३००० केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे लिहिलेले. वायरमननं ६५०० चे पांढरेफटक बसवले आणि घर ताब्यात देताना आमच्यातल्या कुणी रात्री येऊन बघितलंच नाही, दुपारी बघून गेलो. पांढरी भिंत, त्यावर पांढरा दिवा, दुसरं काय वाटणार.

आणि मुळात एवढा पांढराशुभ्र रंग द्यायलाच नको होता. स्टॉकहोमला डिसेंबरात दिवस जेमतेम सहा तासांचा, सूर्य वर चढतच नाही, म्हणून तिकडं भिंती पांढऱ्या, लाकूड फिकं, बर्च नाहीतर पाईन, आलेला थोडा उजेड घरभर खेळावा हा त्यामागचा हिशोब. आपल्याकडं त्याच डिसेंबरात अकरा तास दिवस असतो, आणि तुमचा हॉल पश्चिमेला, एप्रिलमध्ये चारच्या उन्हात त्या भिंतीकडं बघवत नाही. तिथं सायीसारखा रंग पाहिजे. तिकडचा रंग उचलला आणि त्यामागचं कारण इथं लागू होतं का ते बघितलं नाही.

ओट्याचंही तसंच. डॅडो टाईल, म्हणजे ओट्यामागच्या भिंतीची टाईल, अर्ध्यावर थांबवली, वर मॅट पेंट. रविवारी पांढरा-तांबडा करणाऱ्या घरात कांदा-लसूण चटणीची फोडणी कुठवर उडते हे मला माझ्या घरी रोज दिसतंय, तरी तुमच्याकडं विसरलो. हळदीचा डाग उन्हानं उडतो, पण ती भिंत उत्तरेची, तिला ऊन लागतच नाही, आणि मॅट पेंट घासला की चकाकतो. तुम्ही घासून घासून पडलेला तो हातभर चकाकता पट्टा फोटोत दिसला मला.

एका गोष्टीला मात्र मी हो म्हणणार नाही, रिकामं घर. खिडकीसमोरचं शोकेस काढायला लावलं ते बरोबरच केलं, आता सकाळी लाईट न लावता पोरं तिथं अभ्यास करतात हे तुम्हीच फोनवर सांगितलेलं. खिडकीखालच्या बाकात पाहुण्यांच्या गाद्या, चादरी, गौरीचं सगळं सामान बसतंय, पलंगाखाली चार मोठे ड्रॉवर आहेत. हॉलमध्ये मोकळी फरशी दिसती ती या आत गेलेल्या सामानामुळं, आणि पैसे गेले ते त्या आतल्या कामालाच. पण बसायच्या जागेचं तुमचं बरोबर आहे. सणाला किती माणसं येतात हे मी विचारलंच नव्हतं, चौघांचं घर म्हणून चौघांपुरतंच मांडलं.

अजून एक, हे तुम्ही लिहिलेलं नाही पण मला टोचतंय. तुमच्या सासऱ्यांची सागवानी आरामखुर्ची, वेताची, हातांवर हात घासून घासून लाकूड काळं मऊ झालेलं, ती मी "मॅच होत नाही" म्हणून वर गच्चीवरच्या खोलीत टाकायला लावली. डेन्मार्कच्या हान्स वेग्नरची १९४९ ची विशबोन खुर्ची, जिचे फोटो मी सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवतो, ती त्यानं जुन्या चिनी खुर्च्या बघून केलेली, बैठक हातानं विणलेली, लाकूड साधं उघडं. म्हणजे तुमच्या घरात त्या जातीची खुर्ची आधीच होती आणि मी ती उचलून वर ठेवली.

आता काय करणार ते सांगतो. दिवे आणि ओट्याची टाईल चिमणीपर्यंत, दोन्ही गणपतीआधी. हॉलला रंगही तेव्हाच, शेड तुम्ही निवडायची, भिंतीवर पट्टे मारून सकाळ-संध्याकाळ बघू. दारं मात्र दसऱ्यानंतर, ओल गेल्यावर, दोन्ही बाजूंनी लॅमिनेट लावून आणि लॉफ्ट वेगळा करून. एकात एक बसतील असे सहा स्टूल सागवानात करून देतो. ह्या कशाचेही पैसे घेणार नाही. स्टार बदला असंही म्हणणार नाही, काम झाल्यावर जे वाटेल ते लिहा.

रविवारी सकाळी मी आणि मिस्त्री माप घ्यायला येतो. तेवढी आरामखुर्ची तेव्हा खाली काढून ठेवाल काय, तिचा वेत डाव्या अंगाला तुटलेला मी बघितलेला, विणून आणतो आणि खिडकीजवळ ठेवू.