रोहास, ब्लेड आणि ज्यांचं काहीच चुकलं नव्हतं ते

फुटबॉलमध्ये गोलकीपर आडवा पडला की मला आधी संशय येतो, दया नंतर. स्वतः कोल्हापुरात कीपिंग केलंय म्हणून सांगतो. एक गोल वर असलो आणि दहा मिनिटं राहिली असली की साधा हाय बॉल पकडून मी असा काही विव्हळत पडायचो की आमचा स्टॉपर वाकून कानात विचारायचा, उठतोस का चादर आणू? त्यामुळे नाटक सगळेच करतात, मी काही धुतल्या तांदळाचा नाही. पण चिलीच्या रोबेर्तो रोहासनं जे केलं ते नाटकाच्या फार पुढचं होतं.

आधी हे सांगतो की माणूस फालतू कीपर नव्हता. उलट त्या काळात दक्षिण अमेरिकेतला एकदम टॉपचा. टोपणनाव 'कोंडोर', म्हणजे अँडीजमधलं ते अवाढव्य गिधाड, कारण झेपच तशी घ्यायचा. चिलीतल्या कोलो-कोलो क्लबचा हिरो. १९८७ च्या कोपा अमेरिकात, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेत, चिलीनं ब्राझीलला ४-० धुतलं, चार-शून्य, ब्राझीलला! त्या मॅचला गोलमध्ये हाच होता आणि चिली फायनलपर्यंत गेली. मग ब्राझीलच्याच साओ पाउलो क्लबनं त्याला उचललं. म्हणजे पगार ब्राझीलचा, घर ब्राझीलमध्ये, आणि पुढचा सगळा तमाशापण ब्राझीलमध्येच.

३ सप्टेंबर १९८९, रिओचं माराकाना स्टेडियम, इटलीतल्या १९९० च्या वर्ल्ड कपचा क्वालिफायर. चिलीच्या राजधानीतली, सांतियागोतली आधीची मॅच १-१ सुटलेली, गोल डिफरन्स ब्राझीलचा चांगला, त्यामुळे त्यांना ड्रॉ पुरे आणि चिलीला जिंकणं भागच. हाफटाइमनंतर लगेच कारेकानं गोल केला. साधारण वीस मिनिटं राहिली असताना स्टँडमधून एक पेटता फ्लेअर मैदानात येऊन पडला, धूर झाला, आणि धुरातून दिसलं तर रोहास खाली आणि तोंड रक्तानं माखलेलं. चिलीच्या पोरांनी कॅप्टन रोहासला खांद्यावर उचललं आणि सगळी टीम जी मैदान सोडून गेली ती परत आलीच नाही. तिकडे सांतियागोत लोक पेटले, ब्राझीलच्या वकिलातीसमोर राडा. आपल्या कीपरला भर मैदानात जाळलं म्हटल्यावर कोण गप्प बसणार!

फ्लेअर नक्की कुठं पडला हे टीव्हीच्या कॅमेऱ्यात नीट आलंच नव्हतं. पण गोलच्या मागं रिकार्दो आल्फिएरी नावाचा अर्जेंटिनाचा फोटोग्राफर बसला होता, त्याच्या रोलमध्ये सापडलं. फ्लेअर रोहासच्या अंगाला शिवलासुद्धा नव्हता, एक मीटर तरी लांब पडला होता. जखमेवर भाजल्याची खूण नाही, फ्लेअरमधल्या बारुदीचा कण नाही. मग रक्त कुठलं? तर साहेब ग्लोव्ह्जमध्ये ब्लेड लपवून उतरले होते आणि पडल्या पडल्या स्वतःचं कपाळ स्वतःच कापून घेतलं, म्हणजे हरत आलेल्या मॅचचं खापर ब्राझीलवर फुटावं. कीपरच्या ग्लोव्ह्जमध्ये बोट हलवायला धड जागा नसते हो, त्यात हा माणूस तासभर ब्लेड घेऊन बॉल अडवत होता!! मला राग येतो तो इथंच. चिडून, रागाच्या भरात केलं असतं तर समजू शकतो, पण हे ड्रेसिंग रूममधूनच ठरवून आलेलं. आणि कबूल केलं कधी, तर १९९० मध्ये, सगळं अंगाशी आल्यावर.

फ्लेअर टाकणारी चोवीस वर्षांची रोझेनेरी मात्र रातोरात फेमस झाली, दोन महिन्यांत प्लेबॉयच्या कव्हरवर. असो.

फिफानं मॅच ब्राझीलला २-० दिली, रोहासवर आजन्म बंदी घातली, कोच, डॉक्टर, फेडरेशनचा अध्यक्ष सगळे लपेटले गेले. इथपर्यंत मला शंभर टक्के मान्य. पण चिलीला १९९४ च्या क्वालिफायरमधूनपण बाहेर काढलं, आणि इथं माझं डोकं फिरतं. चिलीचा स्ट्रायकर इव्हान सामोरानो तेव्हा फुल फॉर्मात. १९९४-९५ च्या सीझनला रेआल माद्रिदसाठी २८ गोल मारून स्पेनमध्ये टॉप स्कोअरर झालेला माणूस, आणि पहिला वर्ल्ड कप खेळला तो १९९८ ला, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. त्याचं काय चुकलं होतं?

बरं, पुढची गोष्ट अजून विचित्र आहे. रोहासला काम कुणी दिलं? साओ पाउलोनंच! तेले सांतानानं, जे स्वतः ब्राझीलच्या नॅशनल टीमचे कोच राहिलेले, त्याला कीपरांचा कोच म्हणून आत घेतलं. आपल्याकडं असं कुणाला घेतलं असतं तर स्टेडियमच्या खुर्च्या उरल्या नसत्या. २००१ मध्ये फिफानं बंदी उठवली तेव्हा वय त्रेचाळीस, खेळायचा प्रश्नच नव्हता, निदान मन तरी साफ होईल एवढंच त्याचं म्हणणं. २००३ मध्ये तर तो साओ पाउलोचा मेन कोच झाला, गोलमध्ये तो फ्रीकिक मारणारा रोजेरिओ सेनी, आणि टीम लीगमध्ये तिसरी येऊन कित्येक वर्षांनी परत लिबेर्तादोरेसला, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या क्लबांच्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेला गेली. पुढं हिपॅटायटिस सी झाला, लिव्हर ट्रान्सप्लांट करावं लागलं. खूप सोसलं माणसानं, ते मी नाकारत नाही.

आमच्या ग्रुपवर यावरून काल रात्री दीडपर्यंत भांडण झालं. एकजण म्हणाला, अरे ज्यांना फसवलं त्या ब्राझीलनं माफ केलं, मग तू कोण लागून गेलास? पण भावा, ब्राझीलचं गेलं काय? मॅच मिळाली, पॉइंट मिळाले, इटलीचं तिकीट मिळालं. त्यांना माफ करायला काय जातंय. सामोरानोला विचारलंय का कुणी?