‘पुरावा’ म्हणून ती क्लिप कुणालाही पाठवू नका

वर्गातल्या मुलीची अश्लील क्लिप एखाद्या मुलाच्या मोबाईलवर सापडते. शिक्षक ती स्वतःच्या फोनवर घेतात, मुख्याध्यापकांना पाठवतात, तिथून ती केंद्रप्रमुखांकडे जाते. हेतू चांगलाच असतो. पण मुलगी 18 वर्षांखालची असेल तर ती पुढे पाठवणं हाच माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 67ब खाली गुन्हा आहे. पहिल्याच वेळी 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. ‘शाळेच्या चौकशीसाठी’ अशी सूट त्या कलमात नाही. आणि त्या पोरीच्या दृष्टीने प्रत्येक फॉरवर्ड म्हणजे ती क्लिप पाहणारा आणखी एक माणूस.

मग करायचं काय? फोन फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे पलीकडून कुणी मेसेज उडवू शकणार नाही. गॅलरी चाळू नका, स्क्रीनशॉट काढू नका, रागाच्या भरात डिलीटही करू नका. पाकिटात सीलबंद करा. वर तारीख, वेळ, फोन कुणी कुणाकडे दिला ते लिहा. मुलीचं नाव स्टाफरूममध्येसुद्धा नको.

नंतर थेट पोलीस ठाणे किंवा विशेष बाल पोलीस पथक. पोक्सोच्या, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे गुन्ह्याची माहिती असणाऱ्या प्रत्येकावर कळवण्याची जबाबदारी आहे. गटशिक्षणाधिकाऱ्यांना पत्र दिलं म्हणजे ती संपत नाही. खबर लेखी नोंदवून वाचून दाखवायची असते, तिला क्रमांक असतो. तो मागून घ्या. लपवलं तर कलम 21 खाली 6 महिन्यांपर्यंत कैद, आणि हाताखालच्या कर्मचाऱ्याचं कृत्य दडपणाऱ्या संस्थाप्रमुखाला 1 वर्षापर्यंत. दोन्हीकडच्या पालकांना बसवून ‘मिटवणं’ हा मार्ग कायद्यात नाही.

‘पोराचं आयुष्य बरबाद होईल’ ही भीती खरी वाटते, म्हणून सांगतो. आरोपी अल्पवयीन असेल तर बाल न्याय नियमांनुसार एरवी एफआयआर होत नाही; स्टेशन डायरीत नोंद होते आणि प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं. अतिगंभीर (कायद्याच्या भाषेत ‘हीनस’) गुन्हा किंवा सोबत प्रौढ आरोपी असेल तर मात्र वेगळं. पण मुलाला प्रौढ माणसाने मुद्दाम काही दाखवलं असेल, तर त्या माणसाची गय नको. भारतीय न्याय संहितेचं कलम 295 नेमकं त्याच्यासाठी आहे.

एकीकडे क्लिप बिनधास्त फिरते, आणि याच्या नेमकं उलट, अश्लील ठरेल या भीतीने दहावीच्या विज्ञान भाग 2 मधलं प्रजननाचं प्रकरण ‘घरी वाचा’ म्हणून सोडलं जातं. का? अश्लील साहित्याबद्दलच्या, त्याच संहितेच्या कलम 294 मध्ये विज्ञान आणि विद्येच्या हितासाठीच्या साहित्याला स्पष्ट अपवाद आहे. मासिक पाळीची आकृती फळ्यावर मोठी काढा, मुलगे-मुली एकत्र बसवून शिकवा.